दारू सोडायची आहे, मीटिंग शोधायची कशी?

मीटिंग, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून बोलायची सभा, शोधायला बसण्याआधी कागदावर एकच गोष्ट लिहा: तलफ किती वाजता येते. बऱ्याच जणांची संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान येते, कामावरून सुटल्यावर. काहींची सकाळी उठल्याउठल्याच, हात थरथरायला लागले की. रविवारी दुपारी मटणाच्या वासाबरोबर येणारीही असते. जी मीटिंग त्या वेळेला भरते आणि जिथे तुम्ही अर्ध्यापाऊण तासात पोचू शकता, ती तुमची मीटिंग. गट नावाजलेला आहे का, तिथे आपल्यासारखी नोकरदार माणसं येतात का, खोली बरी आहे का, हे नंतर बघता येईल. रविवारी सकाळी दहाच्या मीटिंगला नेमाने जाणारा माणूसही शुक्रवारी रात्री आठ वाजता बारसमोरून जाताना एकटाच असतो. म्हणून वेळ आधी, पत्ता नंतर.

आणि हो, हा लेख वाचणारे निम्मे तरी स्वतः पिणारे नसतील. नवऱ्यासाठी, भावासाठी, वडिलांसाठी शोधत असतील. त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे, पण मधलंही वाचा. मीटिंगमध्ये काय होतं हे माहीत असलं की घरातलं बोलणं सोपं जातं.

आधी डॉक्टर कोणाला लागतो

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने "उद्यापासून बंद" म्हणून एकदम थांबणं धोक्याचं असू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हाताला कंप, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. ही अवस्था जिवावर बेतू शकते. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसेल, आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाली असेल, तर पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग. मुंबईत केईएम आणि जेजे, पुण्यात ससून, तसंच बाकीची वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयं यांच्याकडे विचारा. तिथे कंप आणि फिट आवरणारी औषधं ठरावीक मात्रेत देऊन हळूहळू कमी करतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. गल्लीतल्या दवाखान्यात एक सलाईन लावून घरी परतणं म्हणजे डिटॉक्स नव्हे. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

औषध चालू असताना मीटिंगला जाता येतं का? येतं. एखादा जुना सदस्य "गोळ्या पण नशाच आहे, सोडून दे" म्हणाला तर हसून मान हलवा आणि गोळ्या चालू ठेवा. तो डॉक्टर नाही.

मीटिंग म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे सगळ्यात जास्त पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलण्यात एए. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलू लागले. दारुड्याला दारुडाच समजावू शकतो, एवढ्या एका गोष्टीवर ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ च्या सुमारास आली. सदस्य होण्याची अट एकच: दारू थांबवायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, आडनाव सांगायची गरज नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. त्यात दहा रुपये टाका, काहीच टाकलं नाही तरी चालतं. पहिल्या दिवशी आलेल्याला तर बरेच गट टाकूच नका म्हणतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. "आमच्याकडे एए आहे, महिन्याचे अमुक हजार" असं कोणी सांगत असेल तर ते निवासी व्यसनमुक्ती केंद्र आहे, एए नाही. केंद्राच्या आवारात एएची मीटिंग भरू शकते, पण एए कुठल्याही केंद्राशी, धर्माशी किंवा पक्षाशी जोडलेलं नसतं. माणसाला गाडीत घालून उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून तर चार हात लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात, आणि मनाविरुद्ध भरती करायला त्यात ठरलेली वैद्यकीय प्रक्रिया आहे. नातेवाइकांनी पैसे भरले म्हणजे ती पूर्ण होत नाही.

"नुसतं बोलून दारू सुटते होय?" हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून जास्त रुग्णांचा आढावा घेतला. एए आणि एएकडे वळवणाऱ्या समुपदेशनाने पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या मान्य उपचारांपेक्षा कमी भरलं नाही, काही ठिकाणी जास्तच भरलं. सगळ्यांना लागू पडतं असा त्याचा अर्थ नाही. पण फुकट असलेल्या आणि आयुष्यभर चालू शकणाऱ्या उपायासाठी हे थोडंथोडकं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ ला आलेल्या पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो. बाकीचे सदतीस घरीच असतात.

शोधायचं कुठे

एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगची यादी मिळते. त्यांचं मुख्य कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, गोवा या भागांत गट बरेच आहेत. मीटिंग बहुधा महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात किंवा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरते. चर्चचा हॉल बघून बिचकू नका. जागा भाड्याने किंवा उसनी घेतलेली असते, धर्माशी संबंध नसतो.

यादी मात्र जशीच्या तशी खरी धरू नका. शाळेच्या खोल्या परीक्षेत बंद, मे महिन्यात बंद, निवडणुकीत तर मतदान केंद्रच. गट जागा बदलतो आणि यादी मागे राहते. एवढी हिंमत करून गेलेला माणूस कुलूप बघून जो परततो तो सरळ बारमध्ये शिरतो. म्हणून आधी फोन करा.

एएच्या हेल्पलाइनवर फोन उचलणारा पगारी नोकर नसतो. तो स्वतः दारू सोडलेला सदस्य असतो, बहुतेक वेळा आपलं काम सांभाळून हे करणारा. एकदा उचलला नाही तर तासाने पुन्हा करा किंवा मेसेज टाका. बोलायचं काय हे सुचत नसेल तर एवढंच पुरे:

"नमस्कार, मला दारू सोडायची आहे. मी डोंबिवलीत राहतो. संध्याकाळी सातनंतरची मराठी किंवा हिंदी मीटिंग जवळ कुठे आहे?"

मग हे विचारा: मीटिंग खुली आहे की बंद? बंद मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेले बसतात, खुलीला घरची माणसंही येऊ शकतात. भाषा कुठली? मुंबईत एकाच मीटिंगमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं चालतं, पण काही गट ठरावीक भाषेचे असतात. फाटक कुठलं, मजला कितवा? संध्याकाळी शाळेच्या वॉचमनला "एए" म्हणून कळेलच असं नाही. शेवटी विचारा, "दारात कोणी भेटेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि दाराशी ओळखणारं कोणी असलं की आत जायला फार सोपं जातं.

एएची हेल्पलाइन लागतच नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. जवळचं सरकारी किंवा अनुदानित केंद्र ते सांगू शकतात. मीटिंगपेक्षा उपचाराच्या जागेची माहिती त्यांच्याकडे जास्त मिळते.

एएखेरीज

मराठी माणसाला व्यसनमुक्ती म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते पुण्यातल्या मुक्तांगणचं. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर ते सुरू केलं. येरवड्याच्या केंद्रात राहून उपचार घेतात, पण मीटिंग शोधणाऱ्याने लक्ष द्यावं ते पाठपुराव्याकडे. उपचार संपलेली मंडळी ठरलेल्या दिवशी पुन्हा भेटतात, बोलतात, आणि हे पुण्याबाहेरही वेगवेगळ्या गावांत चालतं. पत्नींसाठी तिथे 'सहचरी' नावाचा गट आहे. तुमच्या गावाजवळ पाठपुरावा भरतो का, आणि बाहेरून आलेल्याला बसता येतं का, हे फोनवर विचारून घ्या. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशनही जुनं नाव. तिथे एएच्या बारा पायऱ्यांबरोबर, म्हणजे दारूतून बाहेर पडायला एएने घालून दिलेल्या क्रमाबरोबर, योगावर भर आहे.

ईश्वराचं नाव आलं की ज्यांच्या कपाळावर आठी पडते त्यांच्यासाठी एक शब्द. एएच्या बारा पायऱ्यांत "आपल्याला जसा समजला तसा ईश्वर" असं आहे, आणि कित्येक नास्तिक सदस्य त्या जागी गटालाच धरतात. तरीही पटत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाचा गट आहे. तो विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतीवर चालतो. त्याच्या ऑनलाइन सभा इंग्रजीत सहज मिळतात. मराठीत वाद घालण्यात चार महिने घालवण्यापेक्षा इंग्रजीतली एक सभा बरी.

पहिला दिवस

त्या दिवशी प्यायला असाल तरी जाता येतं. दंगा करू नका आणि बोलायचा आग्रह धरू नका, एवढीच अपेक्षा. गाडी मात्र स्वतः चालवत जाऊ नका. शक्य असेल तर न पिता जा, निदान त्या दिवसापुरतं. पंधरा मिनिटं आधी पोचा आणि मागच्या खुर्चीवर बसा. पोटात काहीतरी असू द्या, उपाशीपोटी तलफ जास्त त्रास देते.

मीटिंग एक ते दीड तास चालते. सुरुवातीला शांतता किंवा प्रार्थना, मग छापील पानांतून थोडं वाचन. नंतर एकेक जण उठतो, नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक" म्हणतो आणि बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. मराठी माणसाला हे सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे समोरच्याने दुःख सांगितलं की उपाय सांगायची फार घाई असते. तुमची पाळी आली तर "मी आज फक्त ऐकायला आलोय" म्हणा. पुरतं. नंतर चहा, बिस्किटं, आणि खरी ओळख तिथे होते. एखादा मिशीवाला काका फोन नंबर देईल. घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर तलफेच्या वेळी तो नंबर फिरवा, "काय करू?" विचारा.

ओळखीचं कोणी भेटलं तर? छोट्या गावात ही भीती खोटी नाही. पण तो तिथे कशासाठी आला आहे? तुमच्याचसारखा. "इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं" हा नियम बहुतेक पाळला जातो, तरी शंभर टक्के हमी कोणी देऊ शकत नाही. जीव गुदमरत असेल तर शेजारच्या तालुक्याची मीटिंग निवडा. सुरुवातीचे महिने ऑनलाइन बसून कॅमेरा बंद ठेवणंही चालतं. पण ऑनलाइनवरच कायमचे थांबू नका. तिथे चहाचा ग्लास हातात देणारं कोणी नसतं.

एका मीटिंगवरून ठरवू नका. पहिला गट फार भावुक निघेल, दुसऱ्यात एकच माणूस अर्धा तास बोलत बसेल, तिसऱ्यात सगळे रिटायर्ड. तीन-चार वेगळे गट बघा. आधी लिहिलेली वेळ पाळणारा आणि ज्याच्या खोलीतून बाहेर पडताना आपल्याला हलकं वाटलं तो गट आपला "होम ग्रुप" करा. जुने सदस्य सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. मोठ्या शहरात ते जमतं. तालुक्याच्या गावी आठवड्यात दोन मीटिंगा आणि मधल्या दिवशी फोन, हेही चालतं.

बायकांसाठी

मीटिंगमध्ये बायका कमी दिसतात. त्याचा अर्थ बायका पीत नाहीत असा नाही. बाईने पिण्याला समाज माफ करत नाही म्हणून त्या दाराआड राहतात. फोनवर स्पष्ट विचारा: बायकांची वेगळी मीटिंग आहे का, नसेल तर नियमित येणारी एखादी बाई आहे का. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या समजावून सांगणारा जुना सदस्य, बाईला बाईच आणि पुरुषाला पुरुषच असावा, हा संकेत शहाणपणाचा आहे. मीटिंगनंतर कोणी उगाच सलगी करत असेल तर गटाच्या चेअरपर्सनला सांगा, किंवा दुसरा गट धरा. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे.

घरच्यांसाठी

"नवरा येत नाही म्हणतो, काय करू?" याचं उत्तर बऱ्याच जणींना आवडत नाही: तुम्ही जा. पिणाऱ्याच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत. बिलच्या पत्नीने, लोइसने, १९५१ मध्ये त्यांना एकत्र आणलं. किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलाटीन आहे. शिव्या, समजावणी, नवस, शपथा, त्याच्या साहेबाला "ताप आलाय" म्हणून केलेले फोन, हे सगळं करून दमलेल्या बाया-माणसांना तिथे कळतं की दारू त्यांच्यामुळे सुरू झालेली नाही आणि त्यांच्या एकट्याच्या जोरावर थांबणारही नाही. घरातलं एक माणूस वेगळं वागू लागलं की पिणाऱ्यावरही त्याचा परिणाम होतो. कधी लवकर, कधी उशिरा.

दोन गोष्टी करू नका. त्याला न सांगता जेवणात किंवा चहात दारू सोडवायची पावडर घालू नका. अशा पावडरींत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येऊन माणूस जाऊही शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सगळं समजावून आणि त्याची संमती घेऊन. दुसरं, तो नशेत असताना मीटिंगचा विषय काढू नका. सकाळी, पोट बिघडलेलं आणि मान खाली असताना एक वाक्य बोला: "ठाण्याला शनिवारी सात वाजता एक मीटिंग आहे, मी तुझ्यासोबत दारापर्यंत येते." हो म्हणाला तर त्याच दिवशी पोचवा. होकार फार दिवस टिकत नाही.

पुन्हा प्यालात तर

सुटलेली दारू पुन्हा सुरू होते, बऱ्याच जणांची होते. एएत त्याला स्लिप म्हणतात. लाज वाटते, म्हणून माणूस मीटिंग टाळतो, आणि टाळण्यातच खरं नुकसान आहे. परत जा, "मी पुन्हा प्यायलो" म्हणा. खोलीतल्या निम्म्या लोकांनी ते वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. फक्त बंद करून काही आठवडे झाल्यावर पुन्हा भरपूर प्यायला लागला असाल आणि परत थांबायचं असेल, तर वरचा डॉक्टरचा भाग पुन्हा वाचा. आणि मीटिंगला जाणं सुरू असतानाच भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं आज काय आहे हे स्वतःला विचारायची सवय लावा. स्लिपच्या आधी बहुधा यांतलं एक तरी हजर असतं.

गावात काहीच नसेल तर

गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी अभियानाची तालुक्याला क्लिनिकं आहेत. तिकडचे लोक तिथून सुरुवात करू शकतात. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय, मग जवळच्या शहरातला गट, मधल्या दिवसांत ऑनलाइन मराठी किंवा हिंदी मीटिंग. परदेशातल्या मराठी मंडळींना तिथल्याच गावची इंग्रजी मीटिंग जवळ असते. तिथे दोन-चार वेळा बसलं की भाषा नव्हे, माणसं अंगवळणी पडतात. आठवड्यात एकदा भारतातल्या मराठी ऑनलाइन मीटिंगला बसायचं तर वेळेतला फरक आधी काढून ठेवा.

आणि दोन जण सापडले की गट होतो. एएच्या परंपरेत दारू सोडू पाहणारे दोघे-तिघे एकत्र बसले की ते स्वतःला गट म्हणवू शकतात. खोली हवी, किल्ली कोणाकडे ते ठरलेलं हवं, आणि वार-वेळ कधीही बदलायची नाही. शाळेची असेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा, परीक्षेच्या आणि सुटीच्या महिन्यांत पर्यायी जागा आत्ताच ठरवा. भायखळ्याच्या कार्यालयाशी संपर्क करून वाचनाचं साहित्य मागवा, आणि गटाची नोंद करून घ्या. नोंद झाली की हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या पुढच्या माणसाला तुमच्या गावाचा पत्ता सांगता येतो.